ट्रेलर पलीकडे, चालक अलीकडे

मेक्सिकोतून मालाने भरलेला ट्रेलर अमेरिकेत कसा जातो, ते एकदा नीट बघावं. मॉन्तेरेच्या कारखान्यातून निघालेला ट्रेलर एक चालक सीमेवरच्या न्युएव्हो लारेडो शहरापर्यंत आणतो. तिथल्या एका आवारात त्याचा ट्रक सोडवतात आणि ट्रेलर दुसऱ्या, बहुधा जुन्या, ट्रकला जोडतात. या दुसऱ्या चालकाचं दिवसभराचं काम एवढंच: नदीवरचा पूल ओलांडायचा, पलीकडच्या लारेडोत ट्रेलर सोडायचा आणि परत फिरायचं. या फेऱ्यांना तिथे ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. पलीकडे तिसरा, अमेरिकी चालक तो ट्रेलर उत्तरेकडे घेऊन जातो. ट्रक तीन, चालक तीन, माल तोच. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराप्रमाणे, म्हणजे ‘नाफ्टा’प्रमाणे, १९९५ च्या अखेरीपासून मेक्सिकन ट्रकना सीमेलगतच्या अमेरिकी राज्यांत थेट जाता यायला हवं होतं. अमेरिकेने ते होऊ दिलं नाही. २००१ मध्ये लवादाचा निकाल मेक्सिकोच्या बाजूने लागला, २००७ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली, २००९ मध्ये अमेरिकी संसदेने तिचा निधी तोडला आणि मेक्सिकोने चिडून सुमारे २४० कोटी डॉलरच्या अमेरिकी मालावर जकात बसवली. २०११ मध्ये कशीबशी तडजोड झाली. मालाला पूल पहिल्या दिवसापासून मोकळा होता. तो माल आणणाऱ्या चालकाचं काय करायचं, यावर दोन सरकारं सोळा वर्षं भांडत राहिली.

ट्रकचं प्रकरण तसं किरकोळ. पण करार नावाच्या कागदाचा सगळा स्वभाव त्यात दिसतो, आणि सध्याच्या वादात नेमकी तीच गोष्ट कुणी बोलत नाही. मे २०१९ मध्ये ट्रम्प यांनी धमकी दिली, की स्थलांतरितांना अडवलं नाहीत तर मेक्सिकोच्या सगळ्या मालावर पाच टक्के जकात लागेल आणि ती महिन्यागणिक वाढत जाईल. मेक्सिकोने नॅशनल गार्डचे जवान कामाला लावले, जकात टळली. गंमत अशी की तेव्हा सीमेवर येणारे बहुसंख्य लोक मेक्सिकन नव्हतेच. ते होंडुरास, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरचे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीच तलवार पुन्हा म्यानाबाहेर आली, या वेळी २५ टक्क्यांची, आणि कॅनडावरही. तेव्हापासून तीन गट तावातावाने भांडताहेत. पहिला म्हणतो, व्यापार मोकळा ठेवा, शेजाऱ्याच्या घरी रोजगार वाढेल, मग तो तुमच्या दारात येणार नाही. दुसरा म्हणतो, याच मोकळ्या व्यापाराने शेजाऱ्याची शेती बुडवली, म्हणून तर तो दारात आला. तिसऱ्याचं म्हणणं, व्यापाराचा गळा आवळा, माणसं आपोआप थांबतील. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण तिघांच्या डोक्यातलं चित्र एकच आहे: व्यापार ही तोटी आणि स्थलांतर हे पाणी. कुणाला ती उघडायची आहे, कुणाला बंद करायची आहे, इतकाच फरक.

मला हे चित्रच चुकीचं वाटतं. मुक्त व्यापाराचा करार शेजारी देशांमधलं स्थलांतर सुरूही करत नाही आणि थांबवतही नाही. कुणाची उपजीविका कधी मोडणार आणि कुणाची कधी उभी राहणार, याचं वेळापत्रक तो बदलतो. मोडण्याची तारीख आधी येते, उभं राहण्याची नंतर, आणि बऱ्याचदा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. मधल्या काळात माणसं हलणार. करारात त्यांच्याबद्दल अवाक्षर नसलं तरी हलणार, फक्त कायद्याच्या बाहेरून. म्हणून शेजाऱ्याशी केलेला मालाचा प्रत्येक करार हा मजुरांचाही करार असतो. तो लिहून करायचा की न लिहिता, एवढंच सही करणाऱ्यांच्या हातात असतं.

आता पहिल्या गटाची बाजू, आणि ती हलकी नाही. नाफ्टाच्या वेळी मेक्सिकोचे अध्यक्ष सालिनास सांगत फिरत, की आम्हाला माल निर्यात करायचाय, माणसं नाहीत. क्लिंटन यांनीही १९९३ मध्ये हेच आश्वासन दिलं होतं: मेक्सिकन माणसाला घरी राहून मुलंबाळं पोसता आली, तर बेकायदा स्थलांतर कमी होईल. पुढे काय झालं? अमेरिकेत राहणारे मेक्सिकोत जन्मलेले लोक १९९० मध्ये सुमारे ४३ लाख होते. २००० मध्ये ते ९२ लाखांच्या घरात गेले आणि २००७ च्या सुमारास सव्वा कोटीवर. आश्वासनाचा फज्जा उडाला, असं म्हणून टीकाकार इथेच थांबतात. पण इथे थांबणं प्रामाणिकपणाचं नाही. त्यानंतर ओघ आटला. प्यू या संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २००९ ते २०१४ या काळात सुमारे दहा लाख मेक्सिकन, कुटुंबांसह, अमेरिका सोडून मायदेशी परतले आणि त्याच काळात पावणेनऊ लाखांच्या आसपास नवे आले. येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त! कागदपत्रं नसलेल्या मेक्सिकन लोकांची संख्या २००७ मध्ये ६९ लाखांवर पोचली होती, तीही नंतर घसरत गेली. म्हणजे क्लिंटन यांचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं का? पंधरा वर्षं उशिरा?

उशीर झाला, हाच तर मुद्दा आहे. आणि हा उशीर होणार हे सही करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, असंही नाही. अमेरिकेने १९८६ च्या स्थलांतर कायद्यान्वये याच विषयावर एक आयोग नेमला होता. त्याने १९९० मध्ये, म्हणजे करारावर सह्या होण्याच्या दोन वर्षं आधी, स्पष्ट लिहिलं होतं: व्यापारातून होणारा विकास हाच लांब पल्ल्याचा उपाय आहे, पण सुरुवातीची काही वर्षं त्याच विकासामुळे स्थलांतर वाढेल. फिलिप मार्टिन या कृषी अर्थतज्ज्ञाने याला स्थलांतराचा उंचवटा म्हटलं. आधी चढ, मग उतार. कारण साधं आहे. सगळ्यात गरीब माणूस देश सोडून जात नाही, त्याच्याकडे वाटखर्चच नसतो. हातात थोडे पैसे आले, गावात रस्ता आला, पलीकडे गेलेल्या चुलत्याचा फोन यायला लागला, की तो निघतो. राजकारण्यांनी आयोगाच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग जाहीर सभेत वाचला आणि दुसरा अर्धा कपाटात ठेवला. ओहोटीचं श्रेयही एकट्या कराराला देता येणार नाही. २००८ च्या मंदीत अमेरिकेतली बांधकामं ठप्प झाली. शिवाय १९६० च्या दशकात मेक्सिकन बाईला सरासरी सात मुलं होत, ती २०१० च्या सुमारास दोनाच्या जरा वर आली. ज्या घरात दोनच मुलं आहेत, तिथला धाकटा वाळवंट तुडवायला निघत नाही.

दुसऱ्या गटाचा हुकमी एक्का म्हणजे मका, आणि त्यावर सविस्तर बोललं पाहिजे, कारण इथे ते निम्मे बरोबर आहेत. दक्षिण मेक्सिकोतल्या डोंगराळ भागात, ओआहाका किंवा चियापासमध्ये, छोटा शेतकरी मका एकटा लावत नाही. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळा पसरतो आणि त्याच्या पानांनी जमीन झाकली जाते. या पद्धतीला ‘मिल्पा’ म्हणतात. त्यातला बराचसा मका घरातच खपतो; चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा आणि त्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, भाजायच्या. उरलेला विकून मीठ, चपला, शाळेची वही. या शेतकऱ्याला अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या शेकडो एकरांवर यंत्राने पेरलेल्या, सरकारी अनुदानाची ऊब मिळालेल्या मक्याशी स्पर्धा करायला लावणं, हा सामना नव्हताच. करार लिहिणाऱ्यांनाही ते कळत होतं, म्हणून त्यांनी मक्यासाठी पंधरा वर्षांची मुदत ठेवली. १९९४ मध्ये २५ लाख टन मका जकातीविना येईल, त्यावरच्या मालावर २१५ टक्के जकात, आणि ती हळूहळू उतरत २००८ ला शून्यावर. कागदावर हे वेळापत्रक समंजस होतं. प्रत्यक्षात मेक्सिकन सरकारनेच कोट्याबाहेरचा मका ती जकात न लावता वारंवार आत येऊ दिला. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त धान्य हवं होतं, कुक्कुटपालनवाल्यांना स्वस्त खाद्य हवं होतं. पंधरा वर्षांची पायरी पहिल्या दोन-तीन वर्षांतच उतरून झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोच्या शेतीत सुमारे ८१ लाख लोक काम करत होते. २००२ मध्ये ते ६८ लाखांच्या आसपास उरले.

तेरा लाख माणसं शेतातून उठली, हा आकडा घेऊन करारावर खापर फोडणं सोपं आहे. पण मग एक प्रश्न उरतो. मेक्सिकोत मक्याचं एकूण उत्पादन या काळात कोसळलं का? नाही, वाढलं. वायव्येकडच्या सिनालोआ राज्यातल्या सिंचनाच्या जमिनींवर मोठ्या बागायतदारांनी पांढरा मका भरघोस पिकवला, सरकारी मदतीचा मोठा वाटाही त्यांनीच उचलला. मका बुडाला नाही, मिल्पावाला बुडाला. त्याला बुडवणाऱ्या गोष्टींमध्ये करार हा एक होता. १९९२ मध्ये घटनेचं सत्ताविसावं कलम बदलून गावकीच्या मालकीची ‘एहिदो’ जमीन विकायची वाट मोकळी करण्यात आली. हमीभावाने धान्य घेणारी कोनासुपो ही सरकारी संस्था आक्रसत गेली आणि १९९९ मध्ये बंद झाली. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो हे मेक्सिकोचं चलन कोसळलं, काही महिन्यांत त्याची किंमत निम्म्यावर आली, आणि पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सहा टक्क्यांच्या आसपास आकसली. त्याच वेळी अमेरिकेत तेजीचा असा जोर, की २००० मध्ये बेकारी चार टक्क्यांवर. इकडून ढकललं जात होतं, तिकडून ओढलं जात होतं. १ जानेवारी १९९४ ला, करार लागू झाला त्याच दिवशी, चियापासमध्ये झापातिस्त या आदिवासी शेतकरी बंडखोरांनी बंदुका उचलल्या, ते काही एकट्या जकातीच्या दरासाठी नव्हे. त्यांच्या तक्रारींची यादी जमिनीपासून सुरू होत होती.

मग ही शेतातून उठलेली माणसं उत्तरेकडच्या नव्या कारखान्यांत का सामावली नाहीत? याचं उत्तर मेक्सिकोला तीस वर्षं आधीच मिळालं होतं. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो नावाच्या योजनेखाली मेक्सिकन पुरुष अमेरिकेच्या शेतांवर हंगामी कामाला जात. सगळे मिळून पंचेचाळीस लाखांवर करारनामे झाले. १९६४ मध्ये अमेरिकेने योजना गुंडाळली. परतलेल्या लाखो पुरुषांचं करायचं काय, म्हणून १९६५ मध्ये सीमेवर जोडणी कारखाने काढायला परवानगी दिली गेली. हेच ते ‘माकिलादोरा’. कारखाने निघाले, चालले, वाढले, पण त्यांनी कामावर घेतल्या तरुण मुली. बारीक बोटं हवीत, मजुरी कमी हवी, आणि संघटना नको, असा मालकांचा हिशेब. बटाटे खणून आणि कापूस वेचून आलेला पस्तिशीचा पुरुष कारखान्याच्या फाटकाबाहेरच राहिला. शिवाय दक्षिणेकडच्या गावांतून मुली सीमेवर आल्या, त्यांच्यामागून त्यांचे भाऊ आले, आणि तिहुआना, सिउदाद हुआरेस ही गावं फुगली. बसने दोन दिवस प्रवास करून माणूस कुंपणापर्यंत आलेलाच असेल, तर पलीकडे जायला किती अंतर उरतं? कारखान्यांनी देशातल्या माणसाला सीमेवर आणून सोडलं. ‘रोजगार वाढला की स्थलांतर थांबेल’ असं म्हणणाऱ्यांना म्हणून विचारावंसं वाटतं, कुणाचा रोजगार? ज्याचं शेत गेलं त्याचा की दुसऱ्याच कुणाचा?

तिसऱ्या गटाला, म्हणजे जकातीची भिंत उभारा म्हणणाऱ्यांना, उत्तर द्यायला विसाव्या शतकात यायचीही गरज नाही. कॅनडाचा क्वेबेक प्रांत घ्या. १८५४ मध्ये कॅनडाच्या वसाहती आणि अमेरिका यांच्यात कच्च्या मालाच्या मुक्त व्यापाराचा करार झाला. १८६६ मध्ये अमेरिकेने तो मोडला. क्वेबेकमधून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या, न्यू इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांकडे जाणारा फ्रेंच भाषिकांचा ओघ त्याने थांबला का? उलट, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गिरण्या जोरात सुरू झाल्या आणि ओघ वाढला. १८७९ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी चढ्या जकातींचं ‘राष्ट्रीय धोरण’ आणलं. देशातच कारखाने निघतील आणि पोरं घरी राहतील, हा त्यामागच्या युक्तिवादांपैकी एक होता. पोरं जातच राहिली. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून नऊ लाखांच्या आसपास माणसं अमेरिकेत गेली, करार असतानाही आणि नसतानाही. त्यांना गावातून उठवलं होतं वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या जमिनीने, आणि बोलावलं होतं गिरणीच्या भोंग्याने.

धान्याचीच तुलना हवी असेल तर १८७० नंतरचा युरोप आहे. आगगाड्या आणि आगबोटींनी अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपच्या बंदरांत आणून ओतला. इटलीने १८८७ मध्ये भक्कम जकात उभी केली. डेन्मार्कने दार उघडं ठेवलं. स्वस्त धान्य जनावरांना घातलं, आणि १८८२ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी दूधसंस्था काढून लोणी आणि डुकराचं मांस इंग्लंडला विकायला सुरुवात केली. जकातीच्या आड असलेल्या इटलीतून १९१३ या एका वर्षात सुमारे पावणेनऊ लाख लोक बाहेर पडले. डेन्मार्कमधूनही लोक गेले, पण लोकसंख्येच्या मानाने त्यांचं प्रमाण इटलीच्या जवळपासही नव्हतं. दोन देशांत इतर फरक पुष्कळ होते, मान्य आहे. दक्षिण इटलीतली जमीनदारी डेन्मार्कमध्ये नव्हती, आणि डॅनिश शेतकरी शिकलेला होता. पण माझा मुद्दाही तोच आहे. बंदरावरची जकात किती, यापेक्षा शेतकऱ्याच्या हाताशी दुसरं काय आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

आता या विषयातली मला सगळ्यात दुर्लक्षित वाटणारी बाजू. नाफ्टा लागू झाला त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९९४ ला, सान दिएगोजवळ अमेरिकेने ‘ऑपरेशन गेटकीपर’ ही सीमा बंदोबस्ताची मोहीम सुरू केली. आदल्या वर्षी एल पासोमध्ये तसंच झालं होतं. एका हाताने मालासाठी फाटक उघडायचं आणि दुसऱ्या हाताने माणसांसाठी लावायचं, हे एकाच सरकारने एकाच काळात केलं. १९९३ मध्ये चार हजारांच्या आसपास असलेलं सीमा गस्ती दल २०११ पर्यंत एकवीस हजारांवर गेलं. याआधीचा मेक्सिकन मजूर बहुतेक वेळा येऊन-जाऊन असायचा. हंगामाला जायचं, चार पैसे साठवायचे, घरावर छप्पर घालायला परत यायचं. शहराजवळची सोपी वाट बंद झाली तशी माणसं ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळली. वाट दाखवणाऱ्या ‘कोयोटे’चा दर काहीशे डॉलरवरून काही हजारांवर चढला. वाळवंटात तहानेने माणसं मरू लागली. एवढा पैसा आणि जीव पणाला लावून पलीकडे पोचलेला माणूस पुढच्या हंगामात परत कशाला येईल? तो तिथेच राहिला, आणि मग बायकोमुलांनाही बोलावून घेतलं. डग्लस मॅसी हे समाजशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं आकडेवारीनिशी हेच सांगत आले: बंदोबस्ताने येणारे फारसे कमी झाले नाहीत, परत जाणारे कमी झाले. विहिरीवर झाकण घालायला गेले आणि रहाटच तोडून बसले! अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांच्या वाढीचा दोष करारावर टाकणाऱ्यांनी या बंदोबस्ताचा वाटा आधी वजा करून दाखवावा.

यावर एक आक्षेप येतो, तो सगळ्यात वजनदार आहे. माणूस म्हणजे माल नव्हे. मतदाराने स्वस्त टोमॅटोला होकार दिला म्हणजे टोमॅटो तोडणाऱ्यालाही शेजारी म्हणून होकार दिला, असं होत नाही. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणं हा सार्वभौमत्वाचा गाभा आहे, तो व्यापार मंत्रालयाच्या परिशिष्टात कसा टाकायचा? आणि दार उघडलं तर काय होतं, याचा दाखला ब्रिटनने दिलाच आहे. २००४ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्याच दिवशी कामगारांना दार उघडलं. ब्रिटिश गृहखात्यासाठी झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता, वर्षाला पाच ते तेरा हजार लोक. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेले ५८ हजार होते; २०११ च्या जनगणनेत ५ लाख ७९ हजार. अंदाज इतका चुकला, की त्याची किंमत युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या २०१६ च्या सार्वमतात चुकवावी लागली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण हा दाखला नीट उलगडून बघा. त्या अंदाजात गृहीत धरलं होतं, की जर्मनीही दार उघडेल. जर्मनीने ते १ मे २०११ पर्यंत उघडलं नाही, म्हणून बर्लिनच्या वाटेवरचे लोक लंडनला गेले. पोलंडशी मालाचा व्यापार तर १९९२ पासूनच टप्प्याटप्प्याने मोकळा होत आला होता. बारा वर्षं व्यापार मोकळा, माणसं अडवलेली, आणि मग एका दिवसात तीन दारं सताड उघडी. बांध असा फोडला तर पूरच येणार. याच संघात, तेव्हाच्या युरोपीय समुदायात, स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये आले, तेव्हाही उत्तरेकडे अशीच भीती होती. त्यांच्या कामगारांना मोकळीक मिळाली १९९२ मध्ये, आणि मधल्या काळात ब्रुसेल्सचा, म्हणजे या समुदायाचा, पैसा तिथल्या रस्त्यांवर, बंदरांवर, मागास प्रांतांवर ओतला गेला. दार उघडलं तेव्हा लोंढा आलाच नाही. पुढच्या दहा वर्षांत स्पेनच बाहेरून माणसं घेणारा देश झाला. मेक्सिकोच्या मिल्पावाल्यासाठी असा पैसा कुणी ठेवला होता? आणि दार लावून घेतल्याने ब्रिटनचं तरी काय झालं? युरोपीय संघाच्या एकल बाजारातून बाहेर पडल्यावर युरोपीय कामगार कमी झाले खरे, पण जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमध्ये आलेल्यांतून गेलेले वजा केले तर नऊ लाखांवर माणसं वाढली होती, बहुतेक युरोपाबाहेरची. रुग्णालयांना, वृद्धाश्रमांना, विद्यापीठांना माणसं लागतच होती. पत्ता तेवढा बदलला.

सार्वभौमत्वाचा मुद्दा मला जास्त प्रामाणिक वाटला असता, जर तो सगळ्यांना सारखा लागू होत असता. नाफ्टाचं सोळावं प्रकरण माणसांबद्दलच होतं. अभियंते, लेखापाल, वास्तुविशारद, शास्त्रज्ञ अशा साठेक व्यवसायांसाठी त्यात वेगळा परवाना होता, टीएन नावाचा, आणि तो आजही चालू आहे. मेक्सिकन लोकांसाठी सुरुवातीची दहा वर्षं वर्षाला ५,५०० ची मर्यादा, कॅनडावाल्यांना मर्यादाच नाही. म्हणजे माणूस करारात बसवता येतो. हातात पदवी असेल तर तो ‘सेवा’ असतो. हातात कुदळ असेल तर लगेच सार्वभौमत्वाची आठवण होते.

नेमकी उलटी मांडणी बघायची तर भारत आणि नेपाळ आहेत. १९५० च्या तहाप्रमाणे दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायला, मालमत्ता घ्यायला, काम करायला मोकळीक आहे. इथे माणूस मोकळा आणि बंधनं मालावर. १९९६ च्या व्यापार करारात भारताने नेपाळी कारखान्यांच्या मालाला जवळपास बिनशर्त जकातमुक्त प्रवेश दिला, आणि वनस्पती तूप, तांब्याचा माल, ॲक्रिलिक सूत इकडे धो-धो येऊ लागलं. भारतीय कारखानदारांनी ओरड केली, की हा माल नेपाळचा नव्हेच, बाहेरून आणून नुसता हात फिरवलेला आहे. ओरड पूर्णपणे खोटी नव्हती. २००२ मध्ये कोटे आले, वनस्पती तुपाला वर्षाला एक लाख टनांचा, आणि मूल्यवर्धनाच्या अटीही. नेपाळच्या तराईतल्या अनेक कारखान्यांना त्याचा फटका बसला. तिथले कामगार कुठे गेले असतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. सीमा उघडीच होती. माल अडवला की माणूस येतो, हे इतकं सरळ असतं कधीकधी. निदान नेपाळी माणसाला त्यासाठी वाळवंट ओलांडावं लागलं नाही, आणि दसऱ्याला घरी जायची त्याची वाटही बंद झाली नाही.

नुसतं लिहून ठेवलं म्हणजे झालं, असंही मी म्हणत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी १९७९ मध्ये एकमेकांच्या नागरिकांच्या मुक्त संचाराचा करार केला होता. तेलाचे भाव पडल्यावर जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने घानाच्या दहा लाखांच्या आसपास लोकांना काही आठवड्यांत हाकलून दिलं. चौकटीच्या ज्या स्वस्त पिशव्यांत त्यांनी संसार भरला, त्यांना आजही तिकडे ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. कागदावरचा हक्क मंदीत टिकवायचा असेल तर तो मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागली पाहिजे, आणि तशी किंमत वसूल करायची यंत्रणा व्यापार करारांत असते. मेक्सिकोने २००९ मध्ये ट्रकसाठी तेच तर केलं. मजुराचं कलम त्या कागदात घालायचं ते यासाठी.

ते कलम कसं असू शकतं, याची कच्ची उदाहरणं आहेत. कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात १९७४ पासून हंगामी शेतमजुरांची योजना चालू आहे. माणूस परवाना घेऊन जातो, वर्षात जास्तीत जास्त आठ महिने राबतो, घरी येतो, पुढच्या वर्षी बहुधा त्याच शेतावर परत जातो. अमेरिकेचा हंगामी शेतमजुरांचा एच-२ए परवाना २००५ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांच्या आत होता, तो २०२३ मध्ये तीन लाखांवर गेला, आणि त्यातले बहुतेक मेक्सिकन आहेत. दोन्हींत मोठी खोट आहे: परवाना मालकाशी बांधलेला. मालकाने मजुरी बुडवली, पत्र्याच्या खोलीत दहाजण कोंबले, तरी तक्रार केली की परवाना गेला. ब्रासेरोच्या सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के ‘बचत’ म्हणून कापून घेत, आणि ते पैसे असंख्य मजुरांना कधी मिळालेच नाहीत. म्हणून परवाना शेतमालकाच्या नव्हे तर मजुराच्या नावाचा हवा, दुसऱ्या शेतावर जायची मुभा हवी आणि वाद झाला तर करारातल्याच लवादापुढे जाता आलं पाहिजे.

हे स्वप्नरंजन आहे, असं म्हणणाऱ्यांनी नाफ्टाची जागा घेणारा, १ जुलै २०२० पासून लागू झालेला नवा करार उघडून बघावा. त्यात लिहिलंय, की मोटारीचा चाळीस ते पंचेचाळीस टक्के भाग तासाला किमान सोळा डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातून घडलेला असेल, तरच ती मोटार जकातीविना सीमा ओलांडेल. मेक्सिकोतल्या एखाद्या कारखान्यात संघटनेची निवडणूक दडपली, तर त्या एका कारखान्याच्या मालाची सवलत काढून घेण्याचीही सोय आहे. मजुरी, संघटना, मतदान, सगळं व्यापाराच्या कागदात आलं, कारण डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकी मोटारधंद्याला, ते हवं होतं. त्याच करारात दर सहा वर्षांनी संयुक्त आढावा घेण्याचं कलम आहे आणि पहिला आढावा २०२६ चा. त्यासाठी तिन्ही देशांनी आणलेल्या मुद्द्यांत मोटारी आहेत, पोलाद आहे, कॅनडाचं दूध आहे, चिनी सुटे भाग आहेत. कॅलिफोर्नियात ते टोमॅटो कोण तोडतं, हे तिन्ही राजधान्यांना माहीत आहे.